मॅग्नेटारचे महाभडके: दुर्बीण भलतीकडे असतानाच सापडणारी गोष्ट

कयाधूकाठ, हिंगोली
हा धागा खूप दिवसांपासून काढायचा होता. औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारं केंद्र, होणार म्हणल्यापासून आपल्या भागात गुरुत्वीय लहरी, कृष्णविवरं यावर लोक बोलायला लागलेत, शाळेतली पोरंसुद्धा विचारतात, त्याचा आनंदच आहे. पण मला ज्या विषयानं कित्येक वर्षं धरून ठेवलंय तो जरा बाजूचा आहे, मॅग्नेटारचा जायंट फ्लेअर, म्हणजे महाभडका. मराठीत त्यावर फारच कमी लिहिलं गेलंय म्हणून इथं मांडतो.

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागं राहिलेला गाभा, वजनाला सूर्यापेक्षा जास्त आणि व्यास वीस-पंचवीस किलोमीटर. त्यातल्या काहींचं, म्हणजे मॅग्नेटारांचं, चुंबकीय क्षेत्र इतकं असतं की १ वर १४-१५ शून्यं द्यावी लागतात, गॉसमध्ये. दवाखान्यातलं ३ टेस्लाचं एमआरआय म्हणजे ३० हजार गॉस, यावरून अंदाज घ्या. रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९८ मध्ये क्रिसा कुव्हेलिओटू आणि त्यांच्या टीमनं दाखवलं की एसजीआर १८०६-२० नावाचा तारा ७.४७ सेकंदाला एक गिरकी घेतो आणि ती गिरकी मंदावत चाललीय, त्या मंदावण्यावरून क्षेत्र निघालं ८ वर १४ शून्यं गॉस. असे तारे आजवर ३० च्या आसपासच माहीत आहेत. ते अधूनमधून गॅमा किरणांचे (क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचा प्रकाश) छोटे छोटे भडके मारत असतात, पण क्वचित कधी एखादा असा मोठा भडका होतो की सगळी सूर्यमाला त्यातून न्हाऊन निघते.

आता मला काय सांगायचंय ते ऐका. जवळचे असे तीनच महाभडके आपण पाहिलेत, ५ मार्च १९७९, २७ ऑगस्ट १९९८ आणि २७ डिसेंबर २००४. आणि तिन्हीपैकी एकही कुणी रोखून बसून पकडलेला नाही. १९७९ चा बघा, रशियाची व्हेनेरा ११ आणि १२ ही यानं शुक्रावर लँडर सोडून मोकळी होऊन फिरत होती, व्हेनेरा ११ वरचा आकडा सेकंदाला १०० वरून एका मिलिसेकंदाच्याही आत २ लाखांच्या वर गेला, पाच सेकंदांनी व्हेनेरा १२, मग सूर्याजवळचं हेलिओस २, मग शुक्राभोवतीचं पायोनियर, मग पृथ्वीभोवतीचे अमेरिकेचे वेला उपग्रह, जे खरं तर अणुचाचण्यांवर नजर ठेवायला सोडले होते. त्यांच्यापैकी कुणाचंही काम तो तारा बघणं नव्हतं. पण प्रत्येकाला किती वाजता धक्का बसला एवढ्यावरून जागा निघाली, मोठा मॅगेलॅनिक मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला एन४९ हा सुपरनोव्हाचा अवशेष. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे ९ वाजून २१ मिनिटं झाली होती.

मला वाटतं बाकी खगोलशास्त्र आणि हे यात हाच फरक आहे. इथं दुर्बीण तिकडं वळवायला वेळच नसतो, मुख्य भडका ०.२ सेकंदात संपतो. त्यामुळं बघणं म्हणजे आधीपासून सगळीकडं काहीतरी उघडं ठेवलेलं असणं. यावर तुम्हा लोकांना काय माहीत आहे, आणि इकडं मराठवाड्यात बसून आपल्याला यात काही करता येईल का, ते लिहा.

बीड_बारावी
सर मी बारावी सायन्सला आहे. वेळेवरून जागा कशी काढतात ते नीट कळलं नाही. आणि असा भडका जवळ झाला तर आपल्याला धोका आहे का?

कयाधूकाठ, हिंगोली
बाळा, चांगला प्रश्न. गावच्या जत्रेत रात्री उखळी उडाली आणि आसपासच्या तीन वाड्यांवर लोकांनी घड्याळ बघून आवाज कधी ऐकला ते लिहून ठेवलं, तर आधी कुठं ऐकू आला, किती सेकंदांनी दुसरीकडं, यावरून आवाज कोणत्या अंगाला झाला हे काढता येतंच ना, तसंच. फरक एवढाच की इथं आवाजाऐवजी प्रकाश आहे आणि वाड्यांच्या जागी यानं, त्यामुळं घड्याळं मिलिसेकंदात जुळलेली लागतात आणि यानं एकमेकांपासून जितकी लांब तितकी जागा नेमकी निघते. दोन यानांच्या वेळेतल्या फरकातून आकाशात एक वर्तुळ मिळतं, तिसऱ्यामुळं दुसरं वर्तुळ, ती दोन ठिकाणी कापतात, त्यातल्या एका ठिकाणी तारा. यानांच्या या जाळ्याला आंतरग्रहीय नेटवर्क म्हणतात.

धोक्याचं म्हणशील तर नाही, काळजी करू नको. गॅमा किरण आपल्या वातावरणात वरच्या वरच शोषले जातात. पण वरचा थर, आयनोस्फिअर, तो मात्र हलतो. १९९८ ला गरुड तारकासमूहातल्या एसजीआर १९००+१४ चा भडका आला तेव्हा पॅसिफिकवर रात्र होती, आणि तिथं आयनोस्फिअरची खालची कड ८५ किलोमीटरवरून ६० वर आली, म्हणजे भर रात्री दिवसासारखी अवस्था झाली. हे स्टॅनफर्डच्या लोकांनी रेडिओ लहरींवरून टिपलं.

गोदातीर, नांदेड
सर, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी गॅमा किरणांच्या डेटावरच पीएचडी करतेय म्हणून थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

२००४ चा जो धनु राशीतल्या एसजीआर १८०६-२० चा, तो सगळ्यात मोठा. २७ डिसेंबर, जागतिक वेळ २१:३०, म्हणजे आपल्याकडं २८ तारखेची पहाटेची ३ वाजताची वेळ. पहिला ०.२ सेकंदाचा झोत इतका तीव्र होता की त्या दिशेला तोंड नसलेले उपग्रहसुद्धा आंधळे झाले, डिटेक्टर भरून गेले, म्हणजे मोजणीच थांबली. मग खरी तीव्रता किती होती हे कसं कळलं? हा भाग मला फार आवडतो. जपानचा जिओटेल उपग्रह, तो पृथ्वीभोवतीचा प्लाझ्मा मोजायला होता, गॅमा किरणांसाठी नव्हताच, त्याचा कणमापक एवढा कमी संवेदनशील होता की तो भरला नाही आणि त्यानं झोताचा चढ-उतार नीट नोंदवला. आणि दुसरं म्हणजे रशियाचा कोरोनास-एफ उपग्रह, तो त्या क्षणी पृथ्वीच्या आड होता, त्याला थेट काहीच दिसलं नाही, पण झोत चंद्रावर आपटून परत आला तो त्याला दिसला. चंद्रानं परावर्तित केलेला गॅमा भडका! त्यामुळं कमी झालेल्या प्रकाशात त्याला मूळ झोताचा आकार मोजता आला. म्हणजे ज्यांचं तोंड बरोबर होतं ते भरून गेले आणि जे आडोशाला होते त्यांनी मोजून दिलं.

त्यानंतर शेपटी आली, सुमारे ३८० सेकंदांची, आणि तिच्यात दर ७.५६ सेकंदाला ठोका, साधारण ५० ठोके. तारा फिरतोय आणि त्याच्या क्षेत्रात अडकलेला इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा तप्त गोळा आपल्यासमोर येतो-जातो, त्याचे ते ठोके. १९७९ च्या शेपटीत हेच ८ सेकंदांचे होते.

ऊर्जेबद्दल एक सांगते. जुन्या लेखांत 'सूर्य अडीच लाख वर्षांत देतो तेवढी' असं वाचायला मिळतं, तो आकडा तारा ५० हजार प्रकाशवर्षांवर धरून काढलेला. नंतरच्या मोजमापात अंतर २८ हजारांच्या आसपास निघालं, आणि ऊर्जा अंतराच्या वर्गावर जाते म्हणून ती जवळजवळ एक तृतीयांशावर येते. तरी लाखभर वर्षांच्या घरात राहतेच, दोन दशांश सेकंदात. आकडा कमी झाला म्हणून घटना लहान होत नाही.

तेरणाकाठ, औसा
ताई, सर, एक इचारू का. मी कुठंतरी वाचलो की ह्या ताऱ्यावर भूकंप होतो म्हणून हा भडका होतो, ताराकंप का काय म्हणतेत. आमच्याकडं भूकंप म्हणलं की अंगावर काटा येतो. ३० सप्टेंबर ९३, पहाटेचे ३:५६, आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपलेली, किल्लारीकडं आमचे लई पाव्हणे होते. त्यामुळं हा शब्द वाचला की मी तिथंच थांबतो. तिथं खरंच जमीन फुटते का? कामून फुटते? आपल्यासारख्या प्लेटा तिथं कुठून आल्या?

गोदातीर, नांदेड
दादा, तुमच्या पाहुण्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं नांदेडलाही त्या पहाटे लोक घराबाहेर आले होते असं आई सांगते.

नाही, तिथं प्लेटा नाहीत. तिथं जमीन म्हणजे साधारण एक किलोमीटर जाडीचं कवच, अणुकेंद्रकांची घट्ट जाळी, लोखंडाहून कल्पनेपलीकडं कडक. ताण देतं ते चुंबकीय क्षेत्र. आतलं क्षेत्र पीळ पडलेलं असतं, ते हळूहळू सरकतं आणि कवचाला सोबत ओढतं, कवच सोसतं सोसतं आणि एका क्षणी तुटतं किंवा घसरतं, की बाहेरच्या क्षेत्ररेषा एकदम मोडून नव्यानं जुळतात आणि साठलेली ऊर्जा सुटते. किल्लारीचंही तसं बघितलं तर प्लेटांच्या सीमेवर नव्हतं, भूखंडाच्या आतल्या, स्थिर समजल्या जाणाऱ्या भागात ताण साठून झालेलं होतं. पण साम्य तेवढंच, ताण साठणं आणि सुटणं. कारण पूर्ण वेगळं.

आणि खरं सांगायचं तर कवच आधी तुटतं की बाहेरचं क्षेत्र आधी मोडतं यावर अजून एकमत नाही. झोत मिलिसेकंदाच्या आत उसळतो, एवढ्या झटक्यासाठी बाहेरच्या क्षेत्रातच काहीतरी व्हायला हवं असं एक गट म्हणतो. दुसऱ्या बाजूला २००४ च्या शेपटीत आणखी बारीक थरथर सापडली, सेकंदाला १८, ३० आणि ९२ वेळा अशी, ती तारा घंटेसारखा हलल्याची, म्हणजे कवचाच्या कंपनांची असावी असं धरतात. तसं असेल तर भूकंपलहरींवरून जसं पृथ्वीचं पोट कळतं तसं न्यूट्रॉन ताऱ्याचं पोट कळायला ही एक वाट आहे आपल्याकडं. म्हणून ती शेपटी मला झोतापेक्षा मोलाची वाटते.

तेरणाकाठ, औसा
समजलं ताई. पांगरा शिंदेकडं जमिनीतून आवाज येतेत, हिंगोलीला २०२४ ला ४.५ चे धक्के बसले, तिथं भूकंपमापक लावले तसं ताऱ्याला लावता येत नाही, पण थरथर प्रकाशात उमटते, असं ना. हे मी घरी पोरीला सांगणार. तिला भूकंपाचं भ्या वाटतं.

मोंढा_जालना
सुनामी २६ डिसेंबर २००४ ची ना? आणि हा भडका २७ चा. आमच्याकडं व्हॉट्सअॅपला फिरत होतं की ह्या ताऱ्यामुळंच सुनामी आली. दुसरं, पेपरात आलं होतं की सोनं असल्या ताऱ्यात बनतं. आमचा पिढीजात सराफीचा धंदा आहे म्हणून विचारायलो, यात किती खरं?

कयाधूकाठ, हिंगोली
सुनामीचं साफ खोटं, आणि त्याला घड्याळच पुरावा आहे. सुमात्राचा भूकंप आपल्या वेळेनुसार २६ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला, भडका पृथ्वीवर पोचला २८ ला पहाटे ३ ला. भूकंप चव्वेचाळीस तासांनी आधी. प्रकाशाच्या आधी त्या ताऱ्याकडून काही येऊ शकत नाही. असे मेसेज आले की तारीख-वेळ विचारा, बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

सोन्याचं मात्र खरं आहे, आणि ते ताजं आहे. ताई जास्त चांगलं सांगतील.

गोदातीर, नांदेड
हो, हे माझ्या आवडीचं. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम असली जड मूलद्रव्यं बनायला न्यूट्रॉनचा प्रचंड मारा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याचं लायगोनं पकडलं आणि तिथं जड मूलद्रव्यं बनल्याची खूण मिळाली, तेव्हा वाटलं प्रश्न सुटला. पण अशा टकरी व्हायला तारे जन्मून बराच काळ जावा लागतो आणि सोनं तर खूप जुन्या ताऱ्यांतही सापडतं, म्हणजे आणखी एखादा जलद कारखाना हवा होता.

२००४ च्या भडक्यानंतर काही मिनिटांनी इंटिग्रल उपग्रहाच्या नोंदीत गॅमा किरणांची एक दुसरी, मंद चढण दिसली होती, ती पुढं काही तास उतरत गेली. २००५ मध्येच ती छापून आली, पण ती कशाची हे कुणाला जमलं नव्हतं. २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे अनिरुद्ध पटेल, ब्रायन मेट्झगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब करून दाखवलं की भडक्यानं कवचाचा थोडा भाग बाहेर फेकला, त्यात न्यूट्रॉनच्या माऱ्यानं नवी जड केंद्रकं बनली आणि ती किरणोत्सर्गानं तुटताना जो गॅमा प्रकाश निघेल तो बरोबर त्या चढणीशी जुळतो. त्या एका भडक्यात बनलेली जड मूलद्रव्यं साधारण मंगळ ग्रहाच्या वजनाइतकी, आणि आकाशगंगेतल्या अशा मूलद्रव्यांपैकी १० टक्क्यांपर्यंत वाटा मॅग्नेटारचा असू शकतो. म्हणजे तुमच्या दुकानातल्या सोन्याचा काही भाग एखाद्या अशा भडक्यातून आला असण्याची शक्यता खरीखुरी आहे, दादा.

आणि बघा, वीस वर्षं ती नोंद कपाटात होती. नवं यान लागलं नाही, जुना डेटा जपून ठेवला म्हणून झालं. पुढं नासाचं कोसी नावाचं यान २०२७ मध्ये जायचं ठरलंय, ते या जड केंद्रकांच्या ठरावीक ऊर्जेच्या गॅमा रेषा ओळखू शकेल असं डिझाइन आहे.

खाम_नदी, संभाजीनगर
मी फक्त दुर्बिणीनं आकाश बघणारा माणूस, गॅमा मधलं कळत नाही, पण एक विचारायचंय, हे सगळे तीन भडके आपल्या घरातले किंवा शेजारचे. लांबच्या दीर्घिकांत होत नाहीत का? होत असतील तर दिसतात का?

गोदातीर, नांदेड
होतात, आणि इथंच खरी गंमत आहे. लांबून शेपटी इतकी मंद होते की दिसतच नाही, फक्त पहिला झोत दिसतो. आणि फक्त झोत दिसला की तो दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून येणाऱ्या छोट्या गॅमा स्फोटासारखाच वाटतो. म्हणजे आजवर टक्कर म्हणून नोंदवलेल्यांत काही मॅग्नेटार लपलेले आहेत.

१५ एप्रिल २०२०, आपल्याकडं दुपारचे दोन वाजून गेले होते. आधी मंगळाभोवतीच्या मार्स ओडिसीवरच्या रशियन न्यूट्रॉन डिटेक्टरला झोत लागला, ६.६ मिनिटांनी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या विंड यानावर, आणि त्यानंतर ४.५ सेकंदांनी पृथ्वीजवळच्या फर्मी उपग्रहावर. सरांनी सांगितलेली तीच रीत, फक्त एक वाडी मंगळावर. जागा निघाली चंद्रबिंबापेक्षा कितीतरी लहान, आणि त्या चौकटीत बरोबर एनजीसी २५३ ही दीर्घिका, सव्वाअकरा-साडेअकरा दशलक्ष प्रकाशवर्षांवर. झोत होता १४० मिलिसेकंदांचा.

मग १५ नोव्हेंबर २०२३, एम८२ दीर्घिका. या वेळी इंटिग्रलच्या रुंद नजरेच्या पट्ट्यात ती दीर्घिका नशिबानं होती, १३ सेकंदांत आपोआप सगळ्या जगाला अलर्ट गेला. दिवसभरात एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीनं तिकडं तोंड वळवलं, क्ष-किरणांत मागं काहीच उरलेलं नव्हतं, दृश्य प्रकाशात नाही, गुरुत्वीय लहरीही नाहीत. टक्कर असती तर काहीतरी उरलं असतं. काहीच न सापडणं हाच मॅग्नेटारचा पुरावा ठरला.

एम८२ आणि एनजीसी २५३ दोन्हीत तारे भराभर जन्मतात, म्हणून तरुण मॅग्नेटारही जास्त, हे त्याला धरूनच आहे.

खाम_नदी, संभाजीनगर
म्हणजे एनजीसी २५३! ती तर मी नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी दक्षिणेला कितीदा दाखवलीय लोकांना, आपल्या अक्षांशावरून क्षितिजापासून ४५ अंशांपर्यंत चढते, चांगल्या अंधारात दुर्बिणीत लांबट धूसर पट्टा दिसतो, नायगाव मयूर अभयारण्याच्या बाजूला किंवा किनवटच्या जंगलात तर साध्या बायनॉक्युलरमध्येही. एम८२ उत्तरेला, ध्रुवाच्या बाजूला, वसंतात. भडका नाही दिसणार, पण जिथून आला ती दीर्घिका दिसते हे पोरांना सांगताना फार उपयोगी पडेल. आणि १९९८ वाला गरुडात म्हणजे श्रवण नक्षत्राच्या बाजूचा, २००४ वाला धनुमध्ये. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात आजवर या जागा कधी दाखवल्या नाहीत, आता दाखवणार.

कयाधूकाठ, हिंगोली
अगदी दाखवा भाऊ, पोरं विसरणार नाहीत.

ताईंनी 'गुरुत्वीय लहरी नाहीत' म्हणलं तिथं मला औंढ्याचं जोडायचंय. १ फेब्रुवारी २००७ ला एक छोटा गॅमा स्फोट आला, दिशा अँड्रोमेडा दीर्घिकेच्या भुजांची. त्या वेळी अमेरिकेत हॅनफर्डचे लायगो डिटेक्टर चालू होते आणि त्यांना काहीच दिसलं नाही. अँड्रोमेडात तारे आदळले असते तर ते लायगोला दिसल्याशिवाय राहिले नसते, म्हणजे एक तर तो स्फोट अँड्रोमेडाच्या खूप मागं झाला, नाहीतर अँड्रोमेडातला मॅग्नेटार भडकला. लायगोनं तेव्हा अजून एकही लहर पकडलेली नव्हती, तरी त्याच्या गप्प राहण्यानं शास्त्राला उत्तर मिळालं. आपल्या जिल्ह्यात लोक विचारतात की २६०० कोटी लावून काहीच दिसलं नाही तर? त्यांना मी हेच सांगतो. औंढ्याचा डिटेक्टर जगाच्या या बाजूला असणार, अमेरिकेतला एखादा दुरुस्तीसाठी बंद असेल तेव्हा आपला चालू असेल, आणि जागा ठरवायलाही लांबचा कोपरा मिळेल. भडक्यानं तारा हलतो तेव्हा थोड्या गुरुत्वीय लहरी निघायला हव्यात, त्या अजून कुणाला मिळालेल्या नाहीत, २००४ च्या नोंदींतही शोधल्या गेल्या. जवळचा पुढचा भडका येईल तेव्हा औंढा चालू असावं एवढी माझी इच्छा आहे.

आपल्या महाराष्ट्राचा यात आधीपासून हात आहे हेही सांगतो. २००४ नंतर भडक्याच्या जागी रेडिओ लहरींची धग उरली होती, ती नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही मोजली, नेचरमधल्या त्या शोधनिबंधात टीआयएफआरच्या पूनम चंद्रा आणि आलोक रे आहेत, आणि आपले कुरुंदवाडचे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णीही. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरचा सीझेडटीआय डिटेक्टर १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर बाजूनं आलेले गॅमा किरणही पकडतो. आणि आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं दक्ष नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्ताव आहे, पृथ्वीच्या दोन बाजूंना एकेक, म्हणजे पृथ्वी आड आली म्हणून काही हुकलं असं होणार नाही. ते मंजूर होऊन उडावं असं मला मनापासून वाटतं, कारण नासाचं आरएचईएसएसआय यान कधीच बंद झालं, इंटिग्रलनं फेब्रुवारी २०२५ मध्ये निरीक्षणं थांबवली. २०२४ मध्ये फ्रान्स-चीनचं एसव्हीओएम यान गेलं ते बरं झालं, पण असा जवळचा भडका क्वचितच येतो, त्या दिवशी वरती पुरेसं काही उघडं नसलं तर पुढची पिढी आपल्याला काय म्हणेल?

परभणी_रेडिओ
सर, मागं तुम्ही आयनोस्फिअर म्हणलात ते वाचून थांबलो. मी शेतात आखाड्यावर व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरींचा) रिसिव्हर लावलाय, लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेची लूप अँटेना आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड. गावात डीपीचा आणि मोटारींचा गोंगाट फार येतो म्हणून आखाड्यावर. तिरुनेलवेलीकडच्या नौदलाच्या स्टेशनचा १८.२ किलोहर्ट्झ आणि ऑस्ट्रेलियाचा १९.८ हे दोन सिग्नल नोंदवतो, सूर्योदय-सूर्यास्ताला सिग्नल कसा बदलतो ते स्वच्छ दिसतं, सूर्यावर मोठी ज्वाळा आली की दिवसा उडी दिसते. सध्या दर ५ सेकंदाला एक आकडा साठवतो. मॅग्नेटारचा भडका आला तर यात दिसेल का?

गोदातीर, नांदेड
दादा, दिसू शकतो! हेच तर स्टॅनफर्डनं १९९८ ला केलं, आणि २००४ ला दिवसाच्या बाजूलासुद्धा. दोन गोष्टी मात्र लागतील. एक, भडक्याच्या क्षणी तारा तुमच्या सिग्नलच्या वाटेवर क्षितिजाच्या वर असायला हवा. २००४ ला तारा सूर्यापासून जेमतेम ५ अंशांवर होता, म्हणजे आपल्याकडं पहाटे तीनला तो जमिनीखाली, तुमचं यंत्र तेव्हा असतं तरी गप्पच राहिलं असतं, पॅसिफिकवर मात्र तो डोक्यावर होता. रात्रीची वाट जास्त संवेदनशील, कारण रात्री खालचा थर रिकामा असतो.

दुसरं महत्त्वाचं, ५ सेकंद फार विरळ आहे. १९९८ च्या व्हीएलएफ नोंदीत ताऱ्याच्या ५.१६ सेकंदांच्या गिरकीचे ठोके आयनोस्फिअरमध्ये उमटलेले दिसले होते. तुमच्या आत्ताच्या सेटिंगला ते ठोके दिसणारच नाहीत, नुसती एक उडी दिसेल आणि ती सूर्याची की ताऱ्याची हे सांगता येणार नाही. सेकंदाला २० तरी आकडे घ्या आणि वेळ जीपीएसवरून घ्या, लॅपटॉपच्या घड्याळावरून नको.

हीच गोष्ट डेटा वाचणाऱ्यांनाही सांगते, बीडच्या भावा तुलाही. फर्मीवरच्या जीबीएम या गॅमा किरणांच्या उपकरणाचा डेटा सगळ्यांना खुला आहे, फुकट आहे, पायथन येत असेल तर १५ एप्रिल २०२० ची फाइल उतरव. आधी ६४ मिलिसेकंदांचे गठ्ठे करून आलेख काढ, दोन-तीन खांब दिसतील, काहीच विशेष नाही. मग १ मिलिसेकंदाचे कर. तीच फाइल, आणि उभा चढ, मग उतार, सगळं उघड होतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्रभर त्याच आलेखासमोर बसले होते.

बीड_बारावी
ताई फाइल उतरवली. सीईटी झाल्यावर नीट बसतो, पण आत्ता १ मिलिसेकंदाचा काढून बघितला, खरंच एकदम उभा चढ आहे. शिखरानंतर मधेच एक छोटा खांब वर आलाय तो खरा आहे का गोंगाट, कसं ओळखायचं?

गोदातीर, नांदेड
बारा सोडियम आयोडाइड डिटेक्टर आहेत, प्रत्येकाचा आलेख वेगळा काढ. एकाच ठिकाणी तीन-चार डिटेक्टरांत तो खांब दिसला तर खरा, एकातच दिसला तर सोडून दे. परीक्षा आधी कर पण.

परभणी_रेडिओ
ताई, सेकंदाला २० वर केलं, जीपीएस मॉड्यूल पण जोडलं. फाइल मोठी होते पण हार्ड डिस्क आहे. अडचण वेगळीच आलीय, रात्री थ्री फेज आली की आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला की १८.२ च्या अगदी जवळ भलती रेषा उभी राहते, सिग्नल तिच्यात बुडतो. आमच्याकडं रात्रीच लाईट येते शेतीची, आणि तुम्ही म्हणता रात्रच महत्त्वाची.

कयाधूकाठ, हिंगोली
इन्व्हर्टर मधून काढून टाका. १२ व्होल्टची बॅटरी आणि सोलर पॅनल थेट लावा, लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय ठेवला तर तेवढ्यावर रात्र निघते. चार्जरचा कंट्रोलर मात्र रात्री बंद राहील असं बघा, तोही गोंगाट करतो. थ्री फेजच्या मोटारीसाठी लूपची दिशा फिरवून बघा, लूपच्या पातळीला काटकोनात जे असतं ते कमीत कमी ऐकू येतं, तर विहीर त्या बाजूला येईल अशी चौकट वळवा आणि तिरुनेलवेली लूपच्या पातळीत राहतेय ना तेवढं तपासा. दोन्ही जमत नसेल तर अँटेना विहिरीपासून शंभर-दीडशे फूट लांब न्या, शिल्डची केबल वापरून. बदल केल्यावर एका रात्रीचा आलेख इथं टाका, मोटार चालू असतानाचा आणि बंद असतानाचा, दोन्ही.